परभणीतलं लोकरीचं दुकान: स्वेटरची बॉर्डर डोक्यातून जात नसेल तर इथं जा

स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत एक लोकरीचं दुकान आहे, पाटी आहे पण तिच्यावरची अक्षरं उन्हानं उडालेली, सगळे "काकूंचं दुकान" म्हणतात म्हणून मी पण तेच म्हणते. नुसतं सामान बघाल तर साडेतीन स्टार, फार तर. पण दिवाळी झाली की काकू दुकानाच्या मागच्या खोलीत विणकाम शिकवतात, आणि त्यात बॉर्डरचे टाके घालायचे (म्हणजे पहिली ओळ सुईवर चढवायची) कसे एवढ्या एकाच गोष्टीवर ज्या बैठका होतात ना, त्यांना मी डोळे झाकून पाच देते. हा रिव्ह्यू मुळात त्याच्यासाठीच लिहायलेय, लोकर आणि बाकी माल कसा ते शेवटी सांगते.

परभणीच्या थंडीचं काही सांगायला नको. दरवर्षी डिसेंबर आला की कृषी विद्यापीठाचा पाऱ्याचा आकडा पेपरात येतो आणि पुण्यामुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात की खरंच एवढी थंडी आहे का. आहे. पण असते किती दिवस, दीडदोन महिने, मग परत तेच ऊन. त्यामुळं आपल्याकडं विणकाम ज्यांना येतं त्यांना ते आजीकडून नाहीतर आत्याकडून आलेलं, आणि टाके घालायची पद्धत म्हणजे एकच, अंगठ्यावर फास घ्यायचा, सुई घालायची, ओढायचं. वरून सूचना, "घट्ट घाल गं, नाहीतर कड लोंबती." मग बाळंतविड्यातलं टोपडं बाळाच्या कपाळावर वळ उठवतं, मोजा टाचेवरून चढत नाही, पोराचा स्वेटर कानापाशी अडकतो आणि पोरगं आत ओरडतंय बाहेर आपण ओढायलोय. आणि गंमत अशी की स्वेटर बरोबर मापाचा असतो, बॉर्डर पण मस्त ताणते, फक्त सगळ्यात खालची ती एक ओळ ताणत नाही.

काकू इथूनच सुरुवात करतात. एक सुलट एक उलट किंवा दोन सुलट दोन उलट विणलं की सुलट टाके पुढं येतात आणि उलटे मागं दबतात, म्हणजे कापड आपोआप पेटीच्या भात्यासारखं मिटतं, ओढलं की उघडतं. ही उघडायची ताकद टाक्यांच्या घड्यांमधून येते. पण कडेला जो धागा टाक्यांच्या बुडातून आडवा पळतो त्याला कसली घडी नि काय, तो जेवढा लांब आहे तेवढाच. बॉर्डर म्हणती अजून जाते, कड म्हणती बास. कधी कधी तर धागा तुटतो पण ताणत नाही.

आता हे तोंडानं सांगितलं तर कोणीही मान डोलावतं, म्हणून त्यांच्याकडं एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात नुसते विणलेले तुकडे. लोकर तीच, सुई तीच दहा नंबर, टाके पण सगळ्यांना सारखेच, फक्त प्रत्येकाची कड वेगळ्या पद्धतीनं घातलेली. टेबलावर स्टीलची पट्टी ठेवतात आणि म्हणतात, ओढ माय. आपण ओढायचं. साध्या अंगठ्याच्या टाक्यांचा तुकडा वर पसरत जातो आणि खाली आवळलेलाच राहतो, आकार पार घमेल्यासारखा, वर रुंद खाली अरुंद होतो आणि खालचा धागा बोटाला कापतो. पुढचा तुकडा ओढला की कड बॉर्डरच्या जवळजवळ बरोबरीनं चालती. तिसरा ओढला तर कड कुठं संपली तेच कळत नाही. कुठलंही भाषण न देता दहा मिनिटांत सगळ्यांना मुद्दा पोचतो, आणि हा डबा माझ्या मते ह्या दुकानातली सगळ्यात भारी वस्तू आहे, विकत देत नाहीत.

मग आला तो "दोन सुयांवर टाके घाल" वाला सल्ला. हा तुम्हाला प्रत्येकीनं दिलेला असणार. जाड सुईवर किंवा दोन सुया एकत्र धरून टाके घातले की कड सैल होती असं आपण सगळ्या धरून चाललेल्या. काकूंनी दोन्हीचे तुकडे समोर ठेवले. दोन सुयांवर घातल्यावर होतं काय, की टाक्याचा फास उंच होतो, पण एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंतचा जो बुडातला धागा आहे तो तेवढाच आखूड राहतो. म्हणजे कड आवळलेलीच आणि वर पहिली ओळ नुसती ढगळ, दिसायला पण घाण. सैल करायचंय तर अंतर वाढवायचं. टाका घातला की सुईवर उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या शेजारी टेकवायचं आणि पुढचा टाका बोटाच्या पलीकडं घालायचा, एवढंच. नवीन पद्धत शिकायची नसेल ना तर हे एवढं जरी केलं तरी अर्धं दुखणं जातं, आणि ह्याच्यासाठी तर फी पण द्यायची गरज नाही, मी फुकटात सांगून टाकलं.

आता खऱ्या ताणणाऱ्या पद्धती. जास्त वेळ गेला तो जर्मन ट्विस्टेड म्हणतात त्याच्यावर, ह्यालाच काहीजण जुनी नॉर्वेची पद्धत म्हणतात. धागा डाव्या हातात नेहमीसारखाच धरायचा, शेपटीचा (सुरुवातीला मोकळा सोडलेल्या धाग्याचा) भाग अंगठ्यावर, गोळ्याकडचा पहिल्या बोटावर. फरक सुईच्या रस्त्यात आहे. सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांच्या खालून न्यायची, मग वरून वळवून त्या फासाच्या मधोमध खाली घालायची आणि आपल्या अंगाकडं वर काढायची, इथं फासाला एक पीळ पडतो. आता बोटावरचा धागा सुईनं वरून पकडायचा. आणि मग अंगठा थोडा वाकवायचा, वाकवला की पिळाच्या खाली एक छोटी मोकळी जागा उघडते, सुई त्यातून बाहेर. अंगठा सोडा, हळू ओढा. तो जो जादा पीळ आहे तोच कडेत साठवलेला जास्तीचा धागा, ताण पडला की तोच कामाला येतो. पहिल्यांदा हे बघितलं की वाटतं बोटं कमी पडायलीत, अंगठा वाकवायचं प्रत्येकजण विसरतं आणि सुई गच्च अडकते. काकू शेजारी बसून नुसतं "अंगठा... अंगठा" म्हणत राहतात, ओरडत नाहीत, चिडत नाहीत, दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगतात. माझ्या शेजारी एक मावशी बसायच्या, रिटायर्ड शिक्षिका, त्यांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं पण इथं त्या अशा घाबरून बसायच्या की बास, आणि त्यांचा हात सगळ्यात आधी बसला.

टोपी, कानटोपी, वरून खाली विणायचे मोजे ह्यांना ही पद्धत बेस्ट. कड थोडी जाडसर, दोरीसारखी दिसते, मला आवडते. शेपूट मात्र साध्या पद्धतीपेक्षा जास्त लांब लागते कारण पिळात धागा जातो. आणि शेपूट कमी पडणं हा तर सगळ्यांच्या जिवावरचा विषय, शंभर टाके घालायचे आणि ब्याण्णववर धागा संपतो. त्यावर काकूंचे दोन उपाय. एक, सुईला दहा वेढे द्यायचे, उलगडून तेवढी लांबी मोजायची, त्या हिशोबानं सगळ्या टाक्यांचं काढायचं आणि वर हातभर जास्त ठेवायचं. दुसरा उपाय मला लई आवडला, दोन गोळे घ्यायचे, नाहीतर एकाच गोळ्याची आतली आणि बाहेरची दोन्ही टोकं घ्यायची, गाठ मारायची, एक धागा शेपूट म्हणून एक गोळा म्हणून वापरायचा, गाठ टाका म्हणून मोजायची नाही, शेवटी सोडून टाकायची. शेपूट संपायचा प्रश्नच मिटला. दोन टोकं जास्तीची आत लपवावी लागतात एवढाच वैताग.

ट्युब्युलर, म्हणजे नळीसारखी गोल वळलेली कड, हे ज्यांना दुकानातल्या रेडिमेड स्वेटरसारखी कड पाहिजे त्यांच्यासाठी. कडेला कुठलीच गाठ नाही, सुलट टाके पुढून येऊन गोल वळून मागं उलट म्हणून जातात असं दिसतं, आणि ताण बॉर्डरइतकाच. हे दोन तऱ्हेनं शिकवलं. एक म्हणजे वेगळ्या रंगाच्या धाग्यानं निम्मेच टाके घालायचे, आपल्या लोकरीनं चार ओळी साध्या विणायच्या, मग खालचे फास वर उचलून सुईवरच्या टाक्यांच्या मधेमधे विणून घ्यायचे की टाके दुप्पट, आणि वेगळा धागा काढून टाकायचा. तो वेगळा धागा गुळगुळीत सुतीच पाहिजे, लोकर वापरली तर ती केसाळ अडकून बसते, निघत नाही. सुताचं तर आपल्याकडं काय, कापसाचाच मुलूख. दुसरी तऱ्हा इटालियन, ती थेट दोन धाग्यांतून, सुई एकदा इकडच्या धाग्याला वळसा देते एकदा तिकडच्या, त्यामुळं एक सुलट एक उलट असे टाके आपोआप बसत जातात. ह्याच्यानंतरच्या दोन ओळी महत्त्वाच्या: सुलट टाका दिसला की विणायचा, उलट टाका दिसला की धागा पुढं ठेवून तसाच उचलून घ्यायचा, विणायचा नाही. परत फिरताना पण तेच. मग तिसऱ्या ओळीपासून साधी बॉर्डर.

दोन सुलट दोन उलट पाहिजे असेल तर काय? हा प्रश्न मीच विचारला होता कारण व्हिडिओवाले सगळे एकास एक दाखवून मोकळे होतात. उत्तर सोपं निघालं. टाके सुलट उलट सुलट उलट असे आहेत, तर दर चार टाक्यांतला दुसरा आणि तिसरा एकमेकांच्या जागी फिरवायचा, झालं सुलट सुलट उलट उलट. छोटी जादा सुई हाताशी ठेवायची. एका ओळीत काम होतं, पुढं काही कळत पण नाही. आणि ट्युब्युलर कड पसरट होऊन लाटा मारते अशी तक्रार असती ना, त्याला इलाज म्हणजे त्या सुरुवातीच्या ओळी एकदोन नंबर बारीक सुईवर काढायच्या. इथं एक लक्षात ठेवा, आपल्याकडच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार. अमेरिकन पॅटर्नमध्ये उलटं, त्यांचा आठ म्हणजे पाच मिलिमीटर. नेटवरचा पॅटर्न घेऊन दुकानात गेलात तर मिलिमीटर सांगा, नंबर सांगू नका.

बाकी एकदोन पद्धती भरभर झाल्या. दोन टाक्यांच्या मधून सुई घालून टाके घालायची जी केबल नावाची पद्धत, ती कड मजबूत पण ताणत नाही, बटनपट्टीला ठीक. त्यातच एकदा पुढून एकदा मागून सुई घातली की सुलट उलट आळीपाळीनं बसतात आणि ती कड बॉर्डरला बऱ्यापैकी शोभते, शेपटीचा हिशोब नको ज्यांना त्यांनी हीच शिकावी. प्रत्येक टाका म्हणजे एक सरकगाठ अशी पण एक आहे, जेनी स्टेमन ह्या बाईंची, ताणते प्रचंड पण कड मण्यामण्यांची दिसते, मला नाही आवडली. ह्याच बाईंची टाके बंद करायची (शेवटची ओळ सुईवरून उतरवायची) पद्धत मात्र सोन्यासारखी. २००९ साली निटी ह्या ऑनलाइन मासिकात आलेली. प्रत्येक टाक्याआधी सुईवर धाग्याचा एक जादा वेढा घ्यायचा, टाका विणायचा, आणि तो वेढा टाक्यावरून उडवून टाकायचा, मग नेहमीसारखं बंद करत जायचं. सुलट टाका असेल तर वेढा उलट्या दिशेनं. गळा खालून वर विणत आलात आणि शेवटी बॉर्डर बंद करायचीय तर हेच करा, नाहीतर सुरुवातीला कड सैल आणि शेवटी गळफास असं होतं. काकू हे शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकतात, ते बरोबर नाही, ह्याला खरं तर अख्खी बैठक पाहिजे.

बाळाच्या कपड्यांबद्दल एक गोष्ट त्यांनी सांगितली ती इतकी साधी आहे की कोणी आधी काहून सांगितली नाही असं वाटलं. जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटीमीटर, वर्षाचं होईपर्यंत ४६ च्या आसपास, आणि मान मात्र एवढीशी. मोठ्या माणसाच्या अंगाच्या मानानं डोकं लहान, बाळाचं उलटं. म्हणजे बाळाच्या गळ्याची बॉर्डर मानेला बसली पाहिजे पण डोक्याएवढी उघडली पाहिजे. एवढं मोठं काम साध्या अंगठ्याच्या टाक्यांवर टाकायचं आणि मग बाळ रडतं म्हणायचं. एकतर ताणणारी कड घ्या नाहीतर खांद्यावर बटन द्या.

आता दुकानाच्या मालाबद्दल, आणि इथं माझी नाराजी आहे. लोकर म्हणून जे मिळतं ते ऐंशी टक्के ॲक्रिलिक, लुधियानाचा माल, रंग भरपूर, धुवायला सोपं, स्वस्त, सगळं मान्य. पण खऱ्या लोकरीच्या तंतूला मुळात कुरळेपणा असतो त्यामुळं ती ताणून परत जागेवर येते, ॲक्रिलिक तेवढं येत नाही. तुम्ही कड कितीही भारी घाला, दोन थंड्या गेल्या की मनगटाची बॉर्डर फाकते. काकू स्वतः हे वर्गात सांगतात आणि दुकानात मात्र मेरिनो (मेंढीची मऊ लोकर) मिश्र लोकर ठेवतात ती फक्त तीनचार रंगांत, तीही मळखाऊ. विचारलं तर म्हणल्या, "कोण घेतंय माय इथं एवढ्या भावानं, माझ्याकडंच पडून राहती." त्यांचं पण खरं आहे. ॲक्रिलिकवाल्यांना एक सूचना, बॉर्डरवर इस्त्री किंवा वाफ अजिबात नको. ॲक्रिलिक उष्णतेनं कायमचं लुळं पडतं, मग ते कितीही धुतलं तरी परत मिटत नाही.

सुती धाग्याचा माल बरा आहे, उन्हाळ्यात बाळाला सुतीच बरं म्हणून लोक घेतात. फक्त सुताला स्वतःचा ताण शून्य. सुतात बॉर्डर करायची तर सुई बारीक, टाके थोडे कमी, आणि सुलट टाका मागच्या बाजूनं सुई घालून पिळून विणायचा, म्हणजे बॉर्डर जरा उभी राहते. इथं ट्युब्युलर करू नका, फाकतं. हा सल्ला त्यांचाच, आणि गिऱ्हाईक समोर सूत घेऊन उभं असताना पण देतात, विक्री जाईल म्हणून गप बसत नाहीत.

सुयांमध्ये साध्या सरळ पोनी कंपनीच्या सगळ्या नंबरांत आहेत. गोल सुया (दोन टोकं केबलनं जोडलेल्या) मात्र मोजक्या, चाळीस सेंटीमीटरची आखूड तर कधीच नसते आणि टोपीला तीच लागते. मी शेवटी ऑनलाइन मागवली एका कंपनीची, तिचा जॉइंट असा की प्रत्येक फेरीला टाका तिथं अडकतो, ताणणाऱ्या कडेचे टाके तर जास्तच, कारण ते सैल आणि पिळाचे. सुई घेताना केबल आणि सुईच्या जोडावरून नख फिरवून बघा, नख अडकलं की धागा अडकणार. ऑनलाइन नख कुठून फिरवणार, म्हणून दुकानदारानंच ठेवायला पाहिजेत ह्या वस्तू. हे काकूंना सांगून झालंय. "आणते आणते" चालूय.

शिकवणी दिवाळीनंतर सुरू होते, संक्रांतीला बंद. फी पाचशे रुपये, लोकर सुई आपली आपण, त्यांच्याच दुकानातून घ्या अशी सक्ती नाही. खोलीत एकच ट्यूबलाइट आहे आणि संध्याकाळी काळी किंवा नेव्ही ब्लू लोकर घेऊन बसलात तर टाके दिसायचे नाहीत, फिकट रंग न्या. सुरुवातीला जाड लोकर आणि आठ नंबर सुई न्या, बारीकवर शिकायला बसलेल्या दोघी कंटाळून गेल्या. आठदहा जणी असतात, हळदीकुंकवासारख्या गप्पा चालतात, ज्यांना शांततेत शिकायचंय त्यांना त्रास होईल. दुपारी एक ते चार दुकान बंद, कधी कधी पाचपर्यंत, पाटीवर वेळ नाही, फोन करून जा म्हणावं तर फोन उचलतीलच असं नाही. गल्लीत चारचाकी जात नाही, वसमत रोडकडून येणाऱ्यांनी ऑटो करा. यूपीआय चालतं.

आणि लोकर घ्याल तर लागेल तेवढी एकदम घ्या, प्रत्येक गुंड्याच्या कागदावरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा) स्वतः जुळवून बघा, काकू घाईत वेगळा लॉट टाकतात आणि घरी आल्यावर ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात, उन्हात बाही वेगळी दिसते. बदलून देतात, कुरकुर न करता, फक्त कागद फेकलेला नको.